गंजलेले आटे आणि एका मापाचा इतिहास

मराठीत एखाद्याच्या डोक्याचा स्क्रू ढिला झाला आहे, असे आपण सहज म्हणतो. ढिला स्क्रू आवळता येतो, हे त्या म्हणण्यात गृहीत असते. परंतु आटेच गेले असतील तर काय करायचे, हा प्रश्न भाषेने कारखान्यातल्या माणसावर सोपवला आहे. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. बोल्ट ज्या भोकात बसतो त्या भोकाच्या आतल्या भिंतीवर कोरलेले आटे गंजले, बुजले किंवा झिजले, तरी ते पुन्हा पूर्वीसारखे करता येतात. कोणताही जाणता फिटर हे काम करतो आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. आम्हांला मात्र त्यात एक नवल दिसते. जे आटे आता धड दिसतही नाहीत, त्यांचा मूळ आकार त्या फिटरला ठाऊक कसा असतो? ते भोक पाडणारा कारागीर त्याने पाहिलेला नसतो. पुष्कळदा तो दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या शतकात होऊन गेलेला असतो. तरीही हा फिटर आपल्या पेटीतून एक हत्यार काढतो आणि ते त्या भोकात बरोबर बसते. या प्रश्नाचे उत्तर धातूच्या गुणधर्मांत नसून इतिहासात आहे, आणि तो इतिहास वाटतो तितका जुना नाही.

आधी प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. लोखंड गंजते तेव्हा ते नुसते झिजत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो; म्हणून बोल्ट आणि भोक यांच्यामधली केसाएवढी फट गंजाने भरून जाते आणि दोन्ही वस्तू एकमेकींना घट्ट धरून बसतात. भोक आरपार नसेल, तर तळाशी पाणी साचते आणि तेथले आटे सर्वांत आधी खराब होतात. असा बोल्ट नुसत्या जोराने फिरवला तर तो मुंडीपाशी तुटतो, आणि साधे काम अवघड होऊन बसते. म्हणून आधी पातळ तेल सोडून ते मुरू द्यायचे, हलके ठोके मारायचे, गरज पडल्यास भोवतालचा भाग तापवायचा, असा क्रम असतो. बोल्ट निघाला की तारेच्या ब्रशाने सुटा गंज काढायचा आणि मग टॅप घ्यायचा.

टॅप म्हणजे कठीण पोलादाचा, आट्यांवर उभ्या खाचा पाडलेला, स्क्रूसारखा दिसणारा दांडा. हाताने वापरायचा टॅप बहुधा तिघांच्या संचात मिळतो. पहिल्याचे तोंड बरेच निमुळते असते, दुसऱ्याचे कमी, आणि तिसरा थेट तळापर्यंत आटे नेतो. हँडलात धरून तो अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवतात, म्हणजे सुटलेली बुकणी तुटून खाचांत उतरते. भोक बिडाचे असेल तर ते बहुधा कोरडेच चालते, पोलादाला तेल लागते, ॲल्युमिनियमला रॉकेल चांगले. टॅप कठीण असतो तसाच ठिसूळही असतो. तो भोकातच तुटला तर काढणे महाकठीण, कारण त्याला भोक पाडू शकेल इतके कठीण दुसरे हत्यार हाताशी क्वचितच असते. एवढी सगळी काळजी घेतल्यावरही एक प्रश्न उरतोच: टॅप कोणत्या मापाचा घ्यायचा? येथून इतिहासाला सुरुवात होते.

स्क्रू ही वस्तू प्राचीन आहे. जुन्या मराठीत तिला मळसूत्र असा सुंदर शब्द होता. तेल आणि द्राक्षरस काढण्याचे स्क्रूचे दाबयंत्र रोमन काळात होते, आणि अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने आपल्या यंत्रशास्त्रावरील ग्रंथात लाकडी नटाच्या आतले आटे पाडण्याच्या साधनाचे वर्णन केले आहे. म्हणजे टॅपची कल्पनाही सुमारे दोन हजार वर्षांची ठरते. परंतु या दीर्घ काळात प्रत्येक मळसूत्र हे एकेकटे होते. ज्याने बोल्ट केला त्यानेच त्याचा नट करायचा, आणि ती जोडी आयुष्यभर एकत्र ठेवायची. ब्रिटिश अभियंता जेम्स नास्मिथ याचे आत्मचरित्र १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याने आपल्या आधीच्या पिढीतल्या कारखान्यांची स्थिती नोंदवली आहे. प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट यांवर एकमेकांचे म्हणून खूण करून ठेवावी लागे; यंत्र खोलताना जोड्यांची सरमिसळ झाली की गोंधळ, खर्च आणि वेळेचा अपव्यय ठरलेला. अशा जगात आटे खराब झाले तर ते पूर्ववत करणे याला अर्थच नव्हता. पूर्वी काय होते ते त्या एका भोकालाच माहीत असे, आणि भोक तर गंजलेले. दुरुस्ती म्हणजे मोठे भोक पाडून नवी जोडी जमवणे, एवढाच मार्ग होता.

नास्मिथ १८२९ मध्ये ज्याच्या हाताखाली काम करू लागला, त्या हेन्री मॉडस्लीने हे चित्र बदलायला आरंभ केला. वूलिचमध्ये १७७१ साली जन्मलेला हा कारागीर जोसेफ ब्रामाच्या कुलुपांच्या कारखान्यात नावारूपाला आला आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. इ.स. १८०० च्या सुमारास त्याने पूर्णपणे धातूचे, अचूक आटे कापणारे लेथ सिद्ध केले. मॉडस्लीच्या आधीही अशी यंत्रे होती. परंतु आपल्या संपूर्ण कारखान्यात ठरावीक जाडीच्या बोल्टाला ठरावीक आटे, ही शिस्त त्याने आणली. ती शिस्त त्याच्या भिंतींच्या आतच राहिली. शेजारच्या कारखान्याची शिस्त वेगळी असे.

ती भिंतींबाहेर नेली मॉडस्लीकडेच १८२० च्या दशकात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने. स्टॉकपोर्ट येथे १८०३ साली जन्मलेल्या व्हिटवर्थने १८३३ मध्ये मँचेस्टरमध्ये आपला कारखाना सुरू केला, आणि १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे आट्यांच्या एकसारख्या पद्धतीविषयीचा आपला निबंध मांडला. त्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने सर्वोत्तम आटा कोणता हे एकट्याने बसून ठरवले नाही. इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतून त्याने बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांच्या सरासरीवरून आपले कोष्टक बेतले. दोन उतारांमधला कोन ५५ अंश, माथा आणि तळ दोन्ही गोलसर, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आट्यांची ठरलेली संख्या: पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. हे माप पूर्वी कोणत्याही एका कारखान्याचे नव्हते. म्हणूनच, आम्हांला वाटते, ते सर्वांना स्वीकारता आले. प्रत्येकाला थोडे सोडावे लागले, परंतु शेजाऱ्यासमोर हार पत्करावी लागली नाही.

त्याचा उपयोग युद्धाने सिद्ध केला. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) ब्रिटिश नौदलाला लहान तोफनौकांसाठी घाईने इंजिने हवी होती. जॉन पेन या अभियंत्याने नव्वद दिवसांत नव्वद इंजिने पुरवली, ही घटना यंत्रविद्येच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. नमुन्याचे सुटे भाग त्याने वेगवेगळ्या कारखान्यांना वाटून दिले आणि आलेले भाग एकत्र जोडले. मापे आणि आटे एक झाल्याखेरीज ही कल्पना सुचलीही नसती.

एक माप झाले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने एप्रिल १८६४ मध्ये तेथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे दुसरी पद्धती मांडली. कोन ६० अंशांचा आणि माथा सपाट. त्याचा युक्तिवाद व्यवहारी होता: व्हिटवर्थचा गोलसर आटा नीट कापायला तीन प्रकारची हत्यारे आणि दोन लेथ लागतात, आपला आटा एका हत्याराने एकाच लेथवर होतो. साधारण कौशल्याच्या कामगारांवर कारखाने चालवायचे असलेल्या देशाला हे पटण्यासारखेच होते. अमेरिकन नौदलाने १८६८ मध्ये ती पद्धती स्वीकारली. युरोप खंडात मेट्रिक देशांनी १८९८ मध्ये झुरिकच्या परिषदेत मिलिमीटरवर आधारलेली तिसरी पद्धती ठरवली; तिचाही कोन ६० अंशांचा होता.

या भेदांची किंमत केवळ कारखानदारांनी मोजली नाही. बाल्टिमोर शहरात ७ फेब्रुवारी १९०४ रोजी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून अग्निशामक दले मदतीला धावून आली, परंतु त्यांतल्या अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यावरील जलस्तंभांच्या आट्यांशी जुळेनात. पाणी होते, नळ्या होत्या, माणसे होती. आग सुमारे तीस तास चालली आणि दीड हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. नंतरच्या पाहणीत त्या देशात अग्निशमन नळ्यांच्या जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले.

दुसऱ्या महायुद्धात हीच अडचण दोन मित्रराष्ट्रांमध्ये उभी राहिली. रोल्स रॉइसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवावे, असा करार सप्टेंबर १९४० मध्ये झाला. सुटे भाग दोन्हीकडे चालावेत म्हणून आटे ब्रिटिशच ठेवायचे होते. परंतु ते पाडण्याची हत्यारे अमेरिकेत मिळत नव्हती. पॅकार्डला आपले टॅप आणि डाय स्वतःच तयार करावे लागले. या अनुभवानंतर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समान आट्यांच्या करारावर सह्या केल्या. ब्रिटनने त्यात आपला ५५ अंशांचा कोन सोडून ६० अंशांचा मान्य केला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या तांत्रिक समित्यांपैकी पहिल्या क्रमांकाची समिती आट्यांचीच आहे, हे येथे सांगण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे वळू. मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत कावसजी दावरांनी पहिली कापडगिरणी स्थापली. रेल्वेची आणि गिरण्यांची यंत्रे विलायतेहून, त्यातही गिरण्यांची लँकशायरमधून, म्हणजे व्हिटवर्थच्या मँचेस्टरच्याच परिसरातून येत. त्यांच्याबरोबर त्यांचे आटेही आले. परळच्या रेल्वे कारखान्यातल्या आणि गिरणगावातल्या फिटरांनी ते इंच आपलेसे केले, इतके की त्यांना मराठी नावे मिळाली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोन सुती बोल्ट पाव इंचाचा, चार सुती अर्ध्या इंचाचा. मँचेस्टरच्या कोष्टकातले अपूर्णांक कामगारांच्या तोंडी असे पूर्णांक होऊन बसले.

भारतीय मानक संस्था जानेवारी १९४७ मध्ये स्थापन झाली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. आट्यांसाठीही मेट्रिक मानक आले. परंतु कायदा बदलला म्हणून आधीच पाडलेली भोके बदलत नाहीत. जुनी यंत्रे इंचात आणि नवी मिलिमीटरमध्ये, असा संसार आपल्या कारखान्यांत अनेक दशके चालला. घरात पाण्याच्या नळाचे जोड आजही ५५ अंशांच्या व्हिटवर्थी आट्यांचेच असतात. ज्याला आपण अर्धा इंची नळ म्हणतो, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो आणि इंचामागे १४ आटे असतात. अर्धा इंच हे जुन्या नळीच्या पोकळीचे माप होते. नाव राहिले, माप मात्र त्यात कोठेही सापडत नाही. कॅमेऱ्याच्या तिवईचा स्क्रूही अजून पाव इंची, इंचामागे २० आट्यांचाच आहे.

आणि येथेच गंजलेल्या भोकाचा धोका आहे. अडीच सुती, म्हणजे पाच सोळांश इंची बोल्टाची जाडी ७.९४ मिलिमीटर असते. मेट्रिकमधला एम ८ हा आठ मिलिमीटरचा. गंजलेल्या भोकात कॅलिपर घालून हा फरक कळणे कठीण. परंतु व्हिटवर्थ पद्धतीत या बोल्टाचे दोन आट्यांमधले अंतर १.४१ मिलिमीटर असते आणि एम ८ चे १.२५. अडीच सुती भोकात एम ८ चा टॅप घातला तर पहिला फेरा तो बऱ्यापैकी जातो, मग अडतो; आणि गंजामुळे अडत असेल असे समजून जोर लावला, तर तो जुने आटे कापत पुढे सरकतो. बाहेर येते ती बुकणी गंजाची नसते, शाबूत लोखंडाची असते. भोक स्वच्छ आणि चकचकीत दिसते, परंतु त्यात आता जुना बोल्ट घट्ट बसत नाही आणि नवाही. गंजाने शंभर वर्षांत केले नसते इतके नुकसान साफसफाईने पाच मिनिटांत होते. म्हणून जाणता फिटर आधी आटेमापकाची पाती काढलेल्या बोल्टावर टेकवून पाहतो, आणि पुष्कळदा कापणारा टॅप वापरतच नाही. त्याच मापाच्या जुन्या बोल्टाला कानशीने किंवा करवतीने दोनतीन उभ्या खाचा पाडून तो तेल लावून हलक्या हाताने फिरवतो. हा बोल्ट नवे काही कापत नाही. असलेल्या आट्यांच्या वाटेने जाऊन तो केवळ मळ आणि गंज खाचांत गोळा करून आणतो.

आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने येथे एक जुने उदाहरण आठवणे स्वाभाविक आहे. शके १२१२ मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जवळजवळ तीन शतके हस्तोहस्ती उतरवल्या गेल्या आणि त्यांत अपपाठ शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी आपली भर घालू नये, अशी ताकीदही दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०९ मध्ये, इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा मूळ भाषेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. शुद्ध करताना मळ किती निघाला आणि मूळ किती निघाले, हा प्रश्न पाठचिकित्सेत जसा आहे तसाच तो फिटरच्या बाकावरही आहे. दोघांनाही मूळ रूप डोळ्यांपुढे दिसत नसते. दोघांनाही जे उरले आहे त्यावरून आणि आपल्या परंपरेच्या ज्ञानावरून ते ओळखावे लागते. फिटरची बाजू एका बाबतीत सोपी आहे: त्याच्याजवळ १८४१ पासूनचे छापील कोष्टक आहे. परंतु ते कोष्टक कोणते उघडायचे, हे ठरवणारे ज्ञान छापील नाही.

ते ज्ञान बहुतांशी गिरण्या, रेल्वे कारखाने आणि लहानमोठ्या वर्कशॉपांतल्या माणसांच्या हातांत होते. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. यंत्रे भंगारात निघाली. संपाविषयी, जमिनींविषयी, चाळींविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आणि ते आवश्यकच होते. परंतु विलायती यंत्राकडे नुसते बघून हा बोल्ट किती सुती आणि आटा कोणत्या देशाचा हे सांगणाऱ्या माणसांचे ज्ञान लिहून ठेवावे, असे आपल्या लेखकवर्गाला फारसे वाटले नाही. आमच्या पेशाचा यात मोठा वाटा आहे. कोश, पोथी आणि बखर यांना आपण साधने मानतो. बिडाच्या चौकटीतले भोक हेही साधन असू शकते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवत नाही. वास्तविक त्या भोकात कोणत्या देशाचे यंत्र, कोणत्या काळातले, कोणत्या करारापूर्वीचे किंवा नंतरचे, हे सारे कोरलेले असते. चुकीचा टॅप फिरवला की तो पुरावा पुसला जातो, आणि पुसल्याची खूणही राहत नाही.

काही भोके मात्र साफ करून भागत नाही. आटे खरोखरच उरलेले नसतात. वास्तविक आटे शंभर टक्के पूर्ण असण्याची गरज नसते. पाऊण खोलीचा आटा पूर्ण आट्याहून थोडाच कमजोर असतो. परंतु भाराचा मोठा हिस्सा तोंडाजवळच्या पहिल्या काही आट्यांवरच येतो; ते गेले असतील तर उपाय करावाच लागतो. एक उपाय म्हणजे भोक मोठे करून त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवणे. वेटोळ्याच्या आतल्या बाजूने मूळ मापाचे आटे मिळतात आणि पुढच्या माणसाला जुनाच बोल्ट चालतो. दुसरा उपाय जुना आणि स्वस्त: भोक एक माप मोठे करून जाड बोल्ट घालणे. तोही वाईट नाही, पण त्याने ते भोक कोष्टकाबाहेर जाते. त्या यंत्रावरची बाकीची सगळी भोके चार सुती आणि हे एकच पाच सुती, हे पुढे वीस वर्षांनी यंत्र खोलणाऱ्याला कसे कळावे? चांगला फिटर अशा वेळी भोकाच्या शेजारी पंचाने नवे माप ठोकून ठेवतो. नास्मिथने वर्णन केलेल्या जुन्या कारखान्यांत प्रत्येक जोडीवर खूण करावी लागत असे, कारण समाईक माप नव्हते. आता खूण फक्त तेथेच करावी लागते, जेथे आपण त्या मापापासून दूर गेलो आहोत. प्रामाणिक संपादक पाठभेद तळटीपेत देतो तो याच कारणाने. तेवढे चार ठोके मारायला अर्धा मिनिट पुरतो, आणि ते ठोके ज्याच्यासाठी मारायचे तो माणूस कदाचित अजून जन्मलेलाही नसतो.